ज्याचे कुलूप, त्याचीच किल्ली

रविवार, ९ मार्च, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत बी इमारतीच्या तळमजल्यावर विजेच्या मीटरची खोली आहे. तिच्या दारावरून जाताना मला वास आला. कुजलेला कांदा आणि जळका लसूण एकत्र केल्यासारखा. वंदनेसाठी लागणाऱ्या प्रतिमा आणायला मी घरी निघालो होतो. अकरा वाजता सोसायटीच्या सभागृहात माझ्या नातीचे, प्रज्ञाचे, साक्षगंध होते. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, साक्षगंध म्हणजे साखरपुडा.

माझी सगळी नोकरी तेल आणि वायू वाहून नेणाऱ्या, जमिनीखालच्या नळांवर गेली. ती कुठे सुरू झाली, बढत्या कधी मिळाल्या, हे इथे सांगणार नाही. त्यात सांगण्यासारखे काही नाही. त्या वासाबद्दल मात्र सांगितले पाहिजे. स्वयंपाकघरात नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. वास आम्ही घालतो, मुद्दाम आणि घाणेरडा, म्हणजे गळती झाली तर ज्याला वायूतले काही कळत नाही त्यालाही कळावे. माणसाचे नाक हे आमचे पहिले यंत्र. त्यात एकच दोष आहे. ते थकते. त्याच वासात थोडा वेळ उभे राहा, वास येईनासा होतो आणि माणूस म्हणतो, गेला. वायू तिथेच असतो. म्हणून आमच्या धंद्यात पहिल्या श्वासावर विश्वास ठेवतात, दुसऱ्यावर नाही.

मी खोलीतल्या दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. फोनही तिथे काढला नाही. दारावरच्या पहारेकऱ्याला सांगितले, की बी इमारतीची वीज बाहेरच्या रोहित्रावरूनच तोड आणि लोकांना जिन्याने खाली आण. मग फाटकाशी गेलो. तिथे पिवळी पत्र्याची पेटी आहे आणि तिच्यात सोसायटीत येणाऱ्या वायूचा मुख्य व्हॉल्व. आणीबाणीत तो कोणीही बंद करू शकतो. उघडायचा मात्र वायू कंपनीच्या माणसाने. मी तो बंद केला, कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला, घरी गेलो आणि माझे कुलूप, त्याची कडी आणि एक साखळी घेऊन आलो.

हे कुलूप लाल रंगाचे आहे. निवृत्तीच्या दिवशी मला शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळाले. कुलूप मी मागून घेतले. दुरुस्तीसाठी एखादे यंत्र बंद केले, की त्यावर काम करणारा प्रत्येक माणूस त्याच्या बटणावर किंवा व्हॉल्ववर आपले स्वतःचे कुलूप लावतो. त्यासाठी सहा भोकांची एक लोखंडी कडी असते. सहा माणसे, सहा कुलुपे. प्रत्येक कुलपाला एकच किल्ली आणि ती त्याच माणसाच्या खिशात. काम संपले, की प्रत्येक जण काढण्यापूर्वी मोठ्याने विचारतो, सगळे बाहेर ना? उत्तर मिळाल्यावर काढतो. शेवटचे कुलूप निघेपर्यंत यंत्र बंद. दुसऱ्याचे कुलूप कोणी काढत नाही. अधिकारी असो, अध्यक्ष असो. कुलूप म्हणजे तो माणूस अजून आत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

व्हॉल्वच्या दांड्याला साखळी गुंडाळून, कडी अडकवून मी कुलूप लावले आणि सभागृहात गेलो. बौद्धाचार्य वंदनेची मेणबत्ती लावण्याच्या बेतात होते. मी त्यांच्या हातातून काडेपेटी घेतली. मागे लॉनवरच्या जेवणाच्या मंडपात आचाऱ्याची सिलिंडरची शेगडी आणि तंदूर पेटलेले होते. दोन्ही विझवायला लावले. डाळ अर्धी शिजलेली होती. आचारी म्हणाला, साहेब, ही आता फेकावी लागेल. मी म्हटले, फेक.

माझी मुलगी सुजाता, प्रज्ञाची आई, सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत राहते. तिथे पाहुण्यांना पुरेल अशी जागा नाही, म्हणून कार्यक्रम माझ्याकडे. नागपूरहून रामटेके कुटुंब आले होते, मुलाचे आईवडील, काका, आत्या, बरीच मंडळी. परतीची गाडी संध्याकाळी निजामुद्दीनहून. आणि मी सगळ्यांना चहाही न देता सभागृहाबाहेर, लॉनपासून दूर, फाटकाजवळ उभे केले होते. बी इमारतीतले लोक लहान मुलांसकट खाली आले होते. त्यांच्या नजरा मला ओळखीच्या होत्या. चालू यंत्र बंद करणाऱ्याकडे लोक अशाच नजरेने पाहतात.

सोसायटीचे सचिव भाटिया आले. माणूस वाईट नाही. फक्त गैरसोय सहन होत नाही. त्यांनी मीटरच्या खोलीत जाऊन नाक वर करून वास घेतला आणि परत आले.

“अंकल जी, स्मेल तो गई. अब खोल दो. लोगों ने चाय तक नहीं पी.”

“व्हॉल्व बंद है, इसलिए गई.”

“आपके पास कोई सर्टिफिकेट है?”

“था. अब नाक है.”

आजूबाजूचे काही जण हसले. भाटिया हसले नाहीत. त्यांनी माळ्याला साखळी तोडायचा कटर आणायला पाठवले. वायू कंपनीचे पथक दुसऱ्या एका ठिकाणी अडकले होते, दुपारपर्यंत येणार होते. मी पहारेकऱ्याची खुर्ची घेतली आणि पिवळ्या पेटीसमोर बसलो.

मुलाचे वडील, रामटेके, माझ्यापुढे येऊन उभे राहिले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, धिप्पाड गृहस्थ. त्यांनी आवाज चढवला नाही.

“मेश्रामजी, पोरगी द्याची नसन तं सरळ सांगा ना. कुलूप काहून लावता?”

“मुलगी द्यायची आहे,” मी म्हटले. “म्हणूनच पाहुणे जिवंत ठेवतो आहे.”

हे वाक्य मी बोलायला नको होते, असे नंतर मला अनेकांनी सांगितले. मला तसे वाटत नाही.

मग सुजाता आली. जावई पाहुण्यांना सावलीत बसवत होते, तेवढ्यात ती एकटी आली. जरीचा पदर कमरेला खोचलेला होता.

“बाबा, रामफलच्या कुलपापायी माझी दहावी गेली. आता हिचं साक्षगंध घालवणार आहात?”

रामफल कोण, ते सांगतो. पानिपतच्या पुढे एका पंपिंग स्टेशनावर मी प्रमुख होतो. रामफल हा तिथला फिटर. एका पंपाची दुरुस्ती झाली, पंपाचे झाकण बसवून झाले, बटणावरची सगळी कुलुपे निघाली, एक सोडून. ते रामफलचे. पाळी संपल्यावर तो बसने गावी गेला, असे सगळे म्हणत होते. दोघांनी त्याला बसमध्ये चढताना पाहिले होते. त्याच दुपारी मुख्यालयातून संचालक येणार होते आणि त्यांच्यासमोर पंप सुरू व्हायचा होता. आमचे सरव्यवस्थापक माझ्या खोलीत आले.

“एक ताला नहीं टूटता तुमसे?”

“टूटता है, सर. तोड़ूँगा नहीं.”

मी रामफलच्या गावी जीप पाठवली. संचालक आले, चहा प्यायले, बंद पंप पाहून गेले. जीप परतली तेव्हा दिवस कलला होता. रामफल पुतण्याच्या वरातीत नाचत होता. किल्ली त्याच्या कुडत्याच्या खिशात होती. त्याने फेटा न काढताच कुलूप काढले. पंपात कोणीही नव्हते. सर्वांना माहीत होते, की कोणी नसणार, आणि कोणी नव्हते.

सरव्यवस्थापक एवढेच म्हणाले, “अब खुश?” महिन्याच्या आत माझी बदली राजस्थानच्या वाळवंटातल्या एका स्टेशनावर झाली. सुजाताची शाळा दहावीच्या वर्षात, सहामाहीनंतर बदलली. नव्या शाळेत तिला चांगले गुण मिळाले नाहीत. तिला डॉक्टर व्हायचे होते. ती आज केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधीक्षक आहे.

माझ्या धंद्याची अडचण अशी आहे, की ज्या दिवशी तुम्ही योग्य वागता त्या दिवशी काहीच घडत नाही. आणि काहीच न घडल्याचा पुरावा देता येत नाही. रामफल पंपात अडकलेला सापडला असता तर मला बक्षीस मिळाले असते. तो वरातीत सापडला, म्हणून मी हट्टी ठरलो. मी त्या दिवशी बरोबर होतो. तेव्हाही हेच म्हणालो होतो, आजही हेच म्हणतो. ज्यांनी त्याला बसमध्ये चढताना पाहिले होते, त्यांनी त्याला उतरताना पाहिले नव्हते.

सुजाताच्या दुसऱ्या वाक्याला माझ्याकडे उत्तर होते. पहिल्याला नव्हते. तिची आई आज असती तर मुलीला बाजूला घेऊन गेली असती. तिला सवय होती.

माळी कटर घेऊन आला. लांब दांड्याचा, गंज चढलेला. भाटियांनी तो त्याच्या हातातून घेतला नाही, त्यालाच पुढे हो म्हणाले. माळी माझ्याकडे पाहत जागीच थांबला. तेवढ्यात प्रज्ञा सभागृहाच्या बाजूने आली. पांढरी साडी, केसांत मोगरा, आणि हातात तिच्या सुटकेसचे छोटे पितळी कुलूप. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत ती माझ्या कडीशी आणि कुलपाशी खेळायची. चिवड्याच्या डब्याला कुलूप लावून घरभर विचारत फिरायची, सगळे बाहेर ना?

तिने कडीच्या दुसऱ्या भोकात आपले कुलूप अडकवले, दाबले, किल्ली पर्समध्ये टाकली. मग भाटियांकडे वळली.

“अंकल, अब दो चाबियाँ लगेंगी. एक मेरे पास है, और आज मेरी सगाई है. मैं ज़रा बिज़ी हूँ.”

माळ्याने कटर जमिनीवर टेकवला. रामटेक्यांनी त्या दोन कुलुपांकडे पाहिले. मग माझ्याकडे न पाहता आपल्या मंडळींना म्हणाले, “पोरगी आजोबावर गेली हाय. मोठं कठीन हाय आपलं पुढं. चला मंग, बगिच्यात.”

रस्त्यापलीकडे सेक्टरचे उद्यान आहे. तिथे कडुनिंबाखाली सतरंज्या टाकून साक्षगंध झाले. मी तिथे नव्हतो. कटर अजून पेटीपाशीच पडलेला होता, म्हणून मी खुर्चीवरून उठलो नाही. त्रिसरण-पंचशील सुरू झाले तेव्हा रस्त्यावरची एक बस पुढे गेली आणि मला ते स्पष्ट ऐकू आले. मी बसल्या जागी हात जोडले. उद्यानात मेणबत्ती लावायला माझी हरकत नव्हती, इतके अंतर पुरेसे होते. पण बौद्धाचार्यांनी काडेपेटी परत मागवली नाही, असे मला नंतर सांगण्यात आले. जेवण म्हणून कोपऱ्यावरच्या गाडीचे छोले-कुलचे झाले. रामटेक्यांनी दोनदा घेतले. माझ्यासाठी एक पत्रावळ कोणीतरी फाटकापाशी आणून ठेवली. ती सुजाताने पाठवली होती, की जावयांनी, ते मी विचारले नाही.

वायू कंपनीचे पथक दुपारी आले. प्रमुखाचे नाव यादव, पस्तिशीचा, उन्हाने रापलेला. त्याने आधी कडी पाहिली, मग मला.

“आप लाइन के आदमी हैं?”

“था.”

त्याने पिशवीतून आपले कुलूप काढून तिसऱ्या भोकात लावले आणि मग कामाला लागला. दिवसभरात मला त्या एका गोष्टीने बरे वाटले.

बंद व्हॉल्वच्या पुढचा नळ आता एका बंद डब्यासारखा होता. त्यात उरलेल्या वायूचा दाब मोजायला त्यांनी एक मापक जोडला. नळ धड असता तर काटा जागेवर राहिला असता. तो सावकाश खाली आला. भाटिया वाकून पाहत होते. काटा कशामुळे खाली येतो, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

गळती कुठे, ते शोधायची रीत साधी आहे. नळाच्या रेषेवर लोखंडी सळईने जमिनीत ठिकठिकाणी भोके पाडायची आणि प्रत्येक भोकात वायू ओळखणाऱ्या यंत्राची नळी धरायची. वायू मातीतून वाट काढत दूरवर जातो. बाहेर येतो तिथेच फुटला असेल, असे नसते. मीटरच्या खोलीत वास होता. यंत्र ओरडले ते लॉनच्या कडेला, आमच्याच मंडपाच्या खांबाजवळ. मंडपवाल्याने आदल्या संध्याकाळी दोर ताणायला तिथे हातभर लांबीचा लोखंडी खुंटा ठोकला होता. नळ मुळात त्याहून बराच खोल होता. पण लॉन सपाट करताना सोसायटीने तिथली माती खरवडून नेली, आणि खाली काय आहे हे कोणी विचारले नाही. खुंट्याचे टोक पिवळ्या नळात घुसले होते.

यादवने खड्डा खणून नळ मोकळा केला आणि मला बोलावून दाखवले. खुंटा नळात बुचासारखा घट्ट बसला होता. बाजूच्या फटीतून थोडाच वायू निसटत होता; म्हणून वास, म्हणून सकाळपर्यंत काही झाले नाही. कार्यक्रम आटोपल्यावर मंडपवाला तो उपटणार होता. आचाऱ्याचा तंदूर तिथून चार पावलांवर होता. यादवने तंदुराकडे पाहिले, मग सभागृहाकडे.

सोसायटीत आता माझे नाव चांगले झाले आहे. भाटिया मला सर म्हणतात. लॉनवर काही ठोकण्यापूर्वी मला विचारावे, असा ठराव झाला. मी तो बदलून पुन्हा करायला लावला. मला नव्हे, वायू कंपनीला विचारा, असे लिहायला सांगितले. आणि जे लोक म्हणतात, की खुंटा सापडला म्हणून मेश्राम अंकल बरोबर ठरले, त्यांना मी सांगतो, खुंटा सापडला नसता तरी मी बरोबरच होतो. मीटरच्या खोलीत मेलेला उंदीर निघाला असता, पाहुणे रागावून नागपूरला गेले असते, तरीही. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी माझ्याकडे एक श्वास होता. त्या श्वासावर जे करायचे ते मी केले. पुढे जमिनीतून काय निघाले, हा वेगळा विषय.

यातून सुजाताची दहावी परत येत नाही, हेही मला ठाऊक आहे.

त्या दिवशी नळाचा तो तुकडा कापून नवा जोडायला संध्याकाळ झाली. पंपाने हवेचा दाब भरून पाहिला. काटा हलला नाही. मीटरच्या खोलीत यंत्र गप्प राहिले. यादवच्या माणसांनी घरोघरी जाऊन शेगड्यांचे कान, म्हणजे फिरवायची बटणे, बंद असल्याची खात्री केली. कारण कान उघडा राहिला तर वायू परत येतो तो थेट खोलीत. मग यादवने विचारले, सब बाहर? मी म्हटले, सब बाहर. त्याने आपले कुलूप काढले. मी माझे काढले. पितळी कुलूप राहिले.

प्रज्ञा पाहुण्यांना निरोप द्यायला निजामुद्दीनला गेली होती. तिथून ती आणि सुजाता परस्पर सरोजिनी नगरला घरी जाणार होत्या. किल्ली तिच्या पर्समध्ये.

रात्रीच्या जेवणाची वेळ जवळ येत होती. गॅलऱ्यांतून विचारणा सुरू झाली. भाटियांनी या वेळी कटर स्वतःच्या हाताने उचलला आणि नम्रपणे म्हणाले, “सर, अब तो आपकी अपनी नातिन का है. सुटकेसचा तर कुलूप आहे.” शेवटचे वाक्य त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले, बहुधा मला बरे वाटावे म्हणून. मी नाही म्हटले. त्यांनी यादवकडे पाहिले. यादवने दुसरी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसला.

मी प्रज्ञाला फोन केला. तो सुजाताने घेतला. पोर फलाटावर सासूबाईंचे सामान चढवत होती. मी काय झाले ते सांगितले.

“तोडा ना बाबा,” ती म्हणाली. “शंभर रुपयांचं असेल.”

“ते माझं नाही.”

पलीकडे गाडीची सूचना चालू होती.

“बसा तिथेच,” ती म्हणाली. “आम्ही येतो.”

निजामुद्दीनहून फरीदाबाद, रविवारची संध्याकाळ, बदरपूरची गर्दी. आम्ही बसून राहिलो. वरून कोणीतरी ओरडून विचारले, की आज मुलांना बिस्किटेच द्यायची का. मी म्हटले, द्या. यादवने मला त्याच्या गावचे आंबे कसे असतात ते सांगितले. मी त्याला रामफलचे सांगितले. तो वरातीत नाचत होता, एवढे ऐकल्यावर यादव पहिल्यांदा हसला.

गाडी फाटकाशी थांबली. सुजाता चालवत होती. प्रज्ञा उतरली, पांढऱ्या साडीवर प्रवासाचे डाग, केसांतला मोगरा पिवळा पडलेला. तिने किल्ली काढली, कुलूप हातात धरले आणि थांबली.

“सगळे बाहेर ना, आजोबा?”

“सगळे बाहेर.”

तिने काढले. यादवने साखळी सोडवून दांडा अगदी सावकाश फिरवला. नळात वायू शिरतानाचा बारीक आवाज आला आणि थांबला.

सुजाता गाडीतूनच परत जाईल, असे मला वाटले होते. तिने गाडी बंद केली, प्रज्ञासोबत वर आली, चपला दाराशी काढल्या आणि स्वयंपाकघरातल्या तिच्या आईच्या स्टुलावर बसली.

“बाबा, चहा मिळेल का?”

मी वाटीत साबणाचे पाणी केले, शेगडीच्या नळीच्या दोन्ही जोडांना ब्रशने लावले, बुडबुडा येत नाही हे दिव्याखाली पाहिले, जोड फडक्याने पुसले, शेगडी पेटवली आणि तीन कपांचे आधण ठेवले.